कागदाचे थर आणि गंजिफांचीं पानें

श्रावण सरत आला कीं कोकणांत घरोघर कात्री आणि खळ बाहेर निघते. मखराची कमान, तिची महिरप, वरची झालर, मागची प्रभावळ हें सारें कागदाचें करण्याची हौस मुंबईस चाकरीला गेलेल्या माणसालाहि सुटत नाहीं. रत्नागिरीच्या उत्तरेस किनाऱ्याकिनाऱ्यानें सुमारें २५ किलोमीटरांवर असलेलें गणपतीपुळें हें गांव मात्र या बाबतींत निराळें आहे. तेथील गणपति स्वयंभू. देवळामागची टेकडी हेंच देवाचें रूप, अशी श्रद्धा असल्यामुळें प्रदक्षिणाहि टेकडीलाच घालतात. सबंध गांवाचा हा एकच गणपति, म्हणून भाद्रपदांत तेथें घरोघर वेगळी मूर्ति आणून बसविण्याची चाल नाहीं. अर्थात् घरगुती मखरहि नाहीं. तथापि कागदाच्या कामाविषयीं कांहीं शिकावयाचें असेल तर प्रारंभ याच गांवापासून करणें सोईचें आहे, कारण कागदाची खरी परीक्षा घेणारी हवा तेथें आहे.

घाटावर तयार केलेलें एखादें भेटपत्र आषाढांत गणपतीपुळ्यास एखाद्या खिडकींत उभें करून ठेवावें. चार दिवसांत तें मान टाकतें, आठ दिवसांत त्याची कड आंत वळते, आणि त्यावर हौसेनें चिकटविलेलें कागदी फूल एका कोपऱ्यानें सुटून येतें. यांत करणाऱ्याच्या हाताचा दोष नसतो. कागद म्हणजे वनस्पतींच्या सूक्ष्म तंतूंची एकमेकांत गुंतलेली गादी होय. हे तंतू हवेंतील ओलावा पितात आणि फुगतात. परंतु ते लांबीला फारसे वाढत नाहींत, जाडीला मात्र बरेच वाढतात. यंत्रावर तयार झालेल्या कागदांत बहुतेक तंतू यंत्राच्या धांवेच्या दिशेनेंच पडलेले असतात. त्यामुळें ओल धरतांना असा कागद एका दिशेस पुष्कळ पसरतो, दुसरीस थोडा. आणि त्याच्या एकाच अंगास रंग किंवा खळ लागलेली असली म्हणजे तो हमखास वांकडा होतो. समुद्राजवळच्या हवेंत मिठाचे कण असतात, व मीठ स्वतःच ओलावा ओढून घेणारें. म्हणून किनाऱ्यावरील कागदाची अवस्था अधिकच कठीण. हातकागदांत, मग तो पुण्याच्या हातकागद संस्थेचा असो वा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा, तंतू बहुतेक सर्व दिशांना विखुरलेले असल्यानें हा दोष कमी असतो. तो नाहींसा मात्र होत नाहीं.

कागदाची धांव ओळखण्याची युक्ति सोपी आहे. कागदाचा लहानसा चौकोनी तुकडा एका अंगानें ओलसर करावा. तो नळीसारखा वळूं लागतो. ती नळी ज्या दिशेला लांब, ती धांवेची दिशा. घरीं पुठ्ठा चिकटविणाऱ्या दहांपैकीं नऊ जणांना ही गोष्ट ठाऊक नसते, आणि मग ते खळीला बोल लावतात.

या वांकडेपणावर उपाय एकच, आणि तो जुना आहे. एका थराची वाढ दुसऱ्या थरानें रोखावयाची. एका कागदाची धांव उभी ठेवली तर त्यावर चिकटविलेल्या दुसऱ्याची आडवी ठेवावयाची, तिसऱ्याची पुन्हां उभी. थर विषम संख्येनें घ्यावे, म्हणजे मधल्या थराच्या दोहों अंगांस सारखेंच बळ राहतें. समोरच्या बाजूस जें लावलें तेंच, निदान तेवढेंच, मागच्या बाजूसहि लावलें पाहिजे. पुढें रंगाचे तीन हात आणि पाठ कोरडी, असें पान कधींच सरळ राहावयाचें नाहीं. हें तत्त्व ज्यांनीं हातानें जाणलें व ज्यांच्या हातून त्याचा सर्वांत सुंदर उपयोग झाला, ते कारागीर गणपतीपुळ्याच्या दक्षिणेस, याच किनारपट्टीवर सांपडतात. ते सावंतवाडीचे चितारी, आणि त्यांचें काम म्हणजे गंजिफांचीं पानें. सावंतवाडी आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मोडते. १९८१ सालीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यांतच होती.

गंजिफा म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ. त्याचें नांव फारसींतून आलेलें, व हिंदुस्थानांतील त्याचा जुना लेखी उल्लेख बादशहा बाबराच्या आत्मचरित्रांतला. १५२७ सालीं त्यानें सिंधच्या शहा हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्यांत आहे. अकबराच्या दरबारांतील गंजिफांचें वर्णन अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त केलेलें आहे. मोंगली रीतीचा रूढ संच आठ रंगांचा, ९६ पानांचा. पण हा खेळ देशी घरांत शिरला तेव्हां त्यावर देवांचीं रूपें आलीं आणि रंग दहा झाले. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध व कल्की अशा दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. एकूण पानें १२०. ही झाली दशावतारी गंजिफा. सावंतवाडीस हा खेळ तिसरे खेम सावंत यांच्या कारकीर्दींत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांत आला. धर्मचर्चेसाठीं तेलंगणांतून आलेल्या पंडितांनीं तो आणला आणि राजाला त्याची गोडी लागली, असें परंपरा सांगते. खेळ आला तसें पानें करण्याचें काम तेथल्या चिताऱ्यांकडे आलें. लाखेचीं खेळणीं व लांकडी फळें रंगविणारे तेच हे लोक. त्यांच्या वस्तीवरून पडलेलें चितारआळी हें नांव सावंतवाडींत आजहि चालतें.

हीं पानें गोल असतात. प्रत्येक रंगाची जमीन वेगळ्या वर्णाची असल्यामुळें खेळणाऱ्याला हातांतील पानें दुरूनहि ओळखतां येतात. राजाच्या पानावर तो तो अवतार आसनावर बसलेला असतो. प्रधान अनेक संचांत घोड्यावर असतो. उरलेल्या पानांवर त्या अवताराची खूण जितक्यास तितकी काढलेली असते. मत्स्याची मासा, कूर्माची कांसव, वामनाची कमंडलु, परशुरामाची परशु, कल्कीची तलवार. पंजावर पांच मासे आणि दश्शीवर दहा, तेहि एवढ्याशा वर्तुळांत एकमेकांना न अडखळतां बसवावयाचे, हें चिताऱ्याचें कसब. परंतु पाहणाऱ्याची नजर चित्रावर खिळते आणि चित्राखालचा भाग विसरला जातो. वास्तविक गंजिफेचें पान हें कागदावर काढलेलें चित्र नव्हे. तें आधीं घडविलेलें पान आहे, मग रंगविलेलें.

जुन्या रीतीनें तें घडविण्यास प्रथम खळ लागते, आणि ती चिंचोक्याची. चिंचोके भाजून त्यांचें तपकिरी टरफल काढतात, आंतला पांढरा गर कुटून त्याचें पीठ करतात, तें पाण्यांत भिजवून मंद आंचेवर सारखें ढवळीत शिजवितात, आणि फडक्यांतून गाळून घेतात. घोंगडीला ताठपणा आणण्यासाठीं धनगर व सणगर जी खळ देतात ती हीच. गव्हाच्या खळीपेक्षां ती पातळ पसरते आणि वाळल्यावर अधिक कडक होते. तिच्यांत एकच उणीव, ती म्हणजे कसर व झुरळें यांना ती फार प्रिय. यासाठीं पुस्तकबांधणीचे कारागीर खळींत चिमूटभर मोरचूद घालीत असत. मोरचूद विषारी आहे. जेथें मुलें काम करणार असतील तेथें तें घालूं नये, त्यापेक्षां खळ रोजची रोज ताजी करावी.

खळ तयार झाली म्हणजे जुनें धुवट सुती कापड किंवा कागद घेऊन त्याचे थर एकावर एक चढवितात. येथें घाई केली कीं सारें बिघडतें. खळ बोटांनीं पातळ पसरून, मधून कडेकडे हात फिरवून आंतली हवा काढून टाकावी. एखादा बुडबुडा राहिला तर पुढें रंग चढल्यावर तेथें फोड दिसतो. सर्व थर बसले म्हणजे ते सपाट फळ्यांमध्यें ठेवून वर पाटा किंवा दुसरें जड वजन ठेवावें. उन्हांत वाळवूं नये. ऊन वरचा थर आधीं वाळवितें, तो आकसतो, आणि खालचा ओला थर त्याला आवरूं शकत नाहीं. सावलींत, दाबाखालीं, मधून मधून पालटून वाळविलेलें पानच सरळ निघतें. कोकणांत या कामाला मार्गशीर्ष ते चैत्र हा काळ उत्तम. गणपतीची आरास श्रावणांत आठवणाऱ्याला इतकें सांगणें पुरे, कीं त्याचा पुठ्ठा वैशाखापूर्वींच तयार व्हावयास पाहिजे होता.

वाळलेल्या पुठ्ठ्यावर खडूची बारीक भुकटी व डिंक यांचा लेप दोहों अंगांस देतात. तो वाळला कीं घोटणी. गुळगुळीत दगड, अकीक, मोठी कवडी, यांपैकीं कांहींहि चालतें. गणपतीपुळ्याच्या वाळूंत सांपडणारा एखादा घोटीव शिंपलाहि हें काम करील. घोटल्यानें खडूचे कण एकमेकांत दबून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा होतो व शाई त्यावर फुटत नाहीं. बाजारच्या सच्छिद्र कागदावर शाईचें टोंक टेकतांच कोळ्याच्या जाळ्यासारखे पाय फुटतात, त्याचें कारण या घोटणीचा अभाव. पूर्वींच्या पोथीलेखकांना हें चांगलें ठाऊक होतें. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे, आणि त्यांत अक्षराच्या वळणाबरोबर बोरू, शाई व कागद यांचीहि व्यवस्था सांगितली आहे.

आतां रंग आणि शाई. काळ्या रेघेसाठीं काजळाच्या शाईसारखी दुसरी शाई नाहीं. तेलाच्या दिव्यावर मातीचें भांडें उपडें धरून जमलेली काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत खलावयाची; जितका खल अधिक तितकी शाई काळी व वाहती. काजळी म्हणजे कोळशाचाच सूक्ष्म कण. प्रकाशानें तो विटत नाहीं. फाऊंटनपेनच्या बहुतेक शाया पाण्यांत विरघळणाऱ्या रंगांच्या असतात, आणि खिडकींत ठेवलेल्या भेटपत्रावरचें निळें अक्षर एका उन्हाळ्यांत फिकें पडतें तें यामुळें. तोच भेद रंगांतहि आहे. हळद, कुंकू, आळता यांचे रंग पहिल्या दिवशीं मोहक, पण हळद तर उन्हांत फारच लौकर उडते. गेरू, पिवडी हे मातीचे रंग दिसावयास साधे, तरी टिकावयास खंबीर. जुने चित्रकार हिंगूळ व हरताळ वापरीत. पहिल्यांत पारा व दुसऱ्यांत सोमल असल्यामुळें घरगुती कामांत त्यांचें नांवहि काढूं नये. आधीं जमिनीचा रंग, त्यावर आकृतीचें अंग, मग वस्त्रें व दागिने, आणि काळी रेघ सर्वांच्या शेवटीं, असा क्रम ठेवला म्हणजे हात चुकला तरी रेघ तो चूक झांकते.

शेवटचें काम लाखेचें. चपडा लाख स्पिरिटांत विरघळवून तिचा पातळ हात देतात. सुतार लांकडाला पॉलिश करतात तेंच हें द्रव्य. लाखेनें पान पाण्यापासून राखलें जातें आणि दुसऱ्या पानावरून सहज सरकतें. येथें दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. हवा दमट असली तर लाख वाळतांना पांढुरकी पडते, म्हणून कोरडा दिवस निवडावा. दुसरें असें, कीं डिंकांतली काजळी स्पिरिटानें हलत नाहीं, परंतु बॉलपेनची शाई त्यांत विरघळून सारें चित्र माखते. यासाठीं लाख चढविण्यापूर्वीं तीच शाई एका टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावी. पानाच्या कडेला रंग व लाख विसरूं नये. ओल आंत शिरते ती तोंडावरून नव्हे, कापलेल्या कडेंतून.

हेंच थरकाम घरीं भेटपत्रासाठीं करतां येतें, आणि तेथें थरांचा आणखी एक उपयोग कळतो. थर एकमेकांना सर्वत्र न चिकटवितां मध्यें पुठ्ठ्याच्या लहान चकत्या ठेवल्या तर प्रत्येक थराची सांवली मागच्यावर पडते आणि चित्राला खोली येते. गणपतीपुळ्याचें दृश्य यासाठीं जणूं आधींच थर लावून ठेवलेलें आहे. देव पश्चिमाभिमुख, समोर समुद्र. म्हणून पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळचा पहिला थर लाटांचा. त्याची वरची कड नागमोडी कापावी व ती फाटल्यासारखी खरखरीत राहिली तरी शोभते. दुसरा थर देवळाचा. शिखराची कड मात्र धारदार चाकूनें, कात्रीनें नव्हे, कारण कात्री जाड पुठ्ठ्याला दाबते व कड चेपते. तिसरा थर टेकडीचा, आणि तो कापूंच नये, सबंध ठेवावा; सगळ्यांचा भार त्याच्यावर. जवळचे थर गडद व मागचे फिके ठेवले म्हणजे अंतर आपोआप दिसतें. चकत्या दोन मिलीमीटरांपेक्षां जाड नकोत, नाहींतर भेटपत्र पाकिटांत शिरत नाहीं. मखराच्या कमानीहि याच रीतीनें उभ्या राहतात, फक्त चकत्यांच्या जागीं हातभर अंतर असतें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं थर्मोकोलच्या आरासवस्तूंवर बंदी आली तेव्हां कित्येकांना मखर कशाचें करावें हा प्रश्न पडला. त्यांच्या आजोबांना तो पडला नसता.

इतकें सगळें झाल्यावर गंजिफांच्या आजच्या स्थितीकडे यावें लागतें, आणि ती स्थिति विचार करावयास लावणारी आहे. पूर्वीं सावंतवाडींत दोन प्रकारचीं पानें होत. दरबारी कलमाचीं, म्हणजे श्रीमंतांसाठीं बारीक कामाचीं. आणि बाजारी कलमाचीं, म्हणजे सामान्य गृहस्थाला परवडावींत अशीं, भरभर ओढलेल्या रेघांचीं. विलायती पद्धतीचे छापील बावन्न पत्ते स्वस्त झाले तेव्हां आधीं बाजारी कलम गेली. दरबारी कलम अंगावर दरबाराचा आश्रय असेतों टिकली, पण विसाव्या शतकाच्या मध्यास तीहि शेवटल्या घटका मोजूं लागली होती. त्या वेळीं सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती सांवरली. राणीसाहेबांनीं चिताऱ्यांच्या घराण्यांतील वृद्ध कलावंताकडून स्वतः हें काम शिकून घेतलें, राजवाड्यांतच कारागीर बसविले, नवीन माणसें तयार केलीं. २०१८ सालीं त्या निवर्तल्या. राजवाड्याच्या दालनांत पानें रंगविण्याचें काम त्यांच्या मागेंहि चालूं राहिलें. मुंबईस राहिलेले कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनीं हिंदुस्थानांतील गंजिफांवर जो ग्रंथ लिहिला तो १९८२ सालीं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें प्रसिद्ध केला, आणि परदेशी रसिकांचें लक्ष या पानांकडे गेलें.

कला वांचली हें खरें. खेळ मात्र वांचला नाहीं. आज सावंतवाडीहून नेलेला संच बहुधा पेटींतच राहतो, किंवा त्यांतील पानें चौकटींत जाऊन भिंतीवर लागतात. दशावताराचीं चित्रें म्हणून त्यांचें कौतुक होतें. यांत वाईट कांहीं नाहीं, कारागिराला चार पैसे मिळतात. परंतु एक गोष्ट दृष्टीआड होते. भिंतीवरच्या पानाला पाठ सरळ व निष्कलंक असण्याची गरज नाहीं. त्याला लवचिकपणा नको, सरकतेपणा नको, एकशेवीसच्या एकशेवीस पानें एकाच जाडीचीं व एकाच वजनाचीं असावींत हा आग्रहहि नको. हे सर्व गुण खेळणाऱ्यानें मागितले होते. पाठीवर एक डाग राहिला तर चतुर गडी तें पान ओळखतो व खेळ बिघडतो, म्हणूनच पाठ एकरंगी लाखेची आली. पिसतांना कड दुमडूं नये म्हणून पान गोल आणि थरांचें झालें. चौकटींत बसविण्यासाठीं साध्या यंत्री पुठ्ठ्याची चकती पुरते, व पुष्कळ ठिकाणीं आतां तीच वापरतात. चिंचोक्याची खळ व दिवसच्या दिवस चालणारी घोटणी मागणारा गिऱ्हाईकच उरला नाहीं, तर ती करणारा हात कुठवर राहील, हा प्रश्न साधा नाहीं. कलेला उत्तेजन म्हणून संच विकत घेणारे सुशिक्षित गृहस्थ त्याच संचानें एक संध्याकाळ खेळतील तर कारागिराच्या पानांची परीक्षा होईल. चित्राची स्तुति करणारे पुष्कळ. जाडी कमीजास्त आहे असें सांगणारा एखादाच, आणि कारागिराला त्याचीच उणीव भासते.

खेळ अवघड नाहीं. तिघे गडी बसतात, प्रत्येकाला चाळीस पानें येतात. हुकूम नसतो. दिवसा ज्याच्या हातीं रामाचा राजा असेल त्यानें डाव उघडावयाचा, रात्रीं कृष्णाच्या राजानें. राजा सर्वांत मोठा, त्याखालीं प्रधान; त्यापुढें पांच रंगांत दश्शी मोठी व एक्का लहान, आणि उरलेल्या पांचांत नेमकें उलट, म्हणजे एक्का मोठा व दश्शी लहान. नवशिक्याची फजिती होते ती येथें. कोणतें पान पडून गेलें तें ध्यानांत ठेवावें लागतें, एकशेवीसांतलें. डाव संपल्यावर पानें रंगवार लावून सरकत्या झांकणाच्या लांकडी पेटींत सपाट ठेवावींत, उभीं नव्हेत. आणि किनाऱ्यावरच्या घरीं पावसाळ्यांत ती पेटी भिंतीला लागून न ठेवतां, स्वयंपाकघराशेजारच्या कोरड्या फळीवर ठेवावी.